गणपती सोसायटीचा, प्रेक्षक पडद्यापलीकडचे

वाचकाचे पत्र

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका मोठ्या गृहसंकुलात राहणाऱ्या, बँकेतील नोकरीतून निवृत्त झालेल्या एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे. संकुलाच्या सांस्कृतिक समितीचे काम त्या बरीच वर्षे पाहत आहेत. पाच दिवसांच्या गणेशोत्सवात मुलांचे नाटुकले, अंताक्षरी, महिलांसाठी पैठणीचा खेळ, वेशभूषा स्पर्धा आणि शेवटच्या दिवशी सर्वांचे एकत्र जेवण, असा क्रम त्यांनीच बसवला. यंदा समितीत तिशीतली मंडळी आली असून त्यांच्यात त्यांचा मुलगाही आहे. संपूर्ण उत्सवाचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करावे, मंडपात एलईडी पडदा लावावा, रील स्पर्धा ठेवून सर्वाधिक लाईक मिळवणाऱ्याला बक्षीस द्यावे आणि ‘कोणी बघत नाही’ म्हणून मुलांचे नाटुकले वगळावे, असा या मंडळींचा प्रस्ताव आहे. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी निम्म्याहून अधिक हात टाळ्या वाजवण्याऐवजी मोबाईल धरून वर गेले होते, असे या भगिनी लिहितात. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने श्लोक म्हणून संपवल्यावर, चित्रीकरण नीट झाले नाही म्हणून तिला तो पुन्हा म्हणायला लावले. दुसऱ्यांदा ती मध्येच अडखळली आणि रडत आईकडे गेली. ‘टीव्ही आणि मोबाईल यांनी आपली परंपरा गिळून टाकली आहे’, असे त्यांचे म्हणणे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर यावरून वाद झाला, तेव्हा मुलाने सर्वांसमोर ‘आई, तू अजून कॅसेटच्या जमान्यात आहेस’ असे लिहिले आणि तेव्हापासून घरातले बोलणे कामापुरते उरले आहे. मेलबर्नला राहणाऱ्या मुलीला मात्र थेट प्रक्षेपण हवेच आहे. समितीतून बाहेर पडावे, की ठाम उभे राहून हे सगळे थांबवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला संताप मला समजतो आणि त्यातला काही भाग अगदी रास्त आहे, असे माझे मत आहे. तो भाग नेमका कोणता, हे मात्र आधी वेगळे काढावे लागेल, कारण पत्रात तुम्ही तीन निराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत. आरतीच्या वेळी वर गेलेले मोबाईल ही सवयीची बाब आहे. त्या लहान मुलीला श्लोक पुन्हा म्हणायला लावणे ही मोठ्या माणसांच्या वागण्यातली चूक आहे. नाटुकले वगळण्याचा प्रस्ताव हा वेळेचा आणि वर्गणीचा वाटा कुठे घालायचा याविषयीचा निर्णय आहे. तिन्ही ठिकाणी मोबाईल दिसतो म्हणून तिन्हींचे औषध एकच असेल, असे मानून तुम्ही सभेत गेलात, तर समोरची मंडळी ‘यांचा तंत्रज्ञानालाच विरोध आहे’ असे म्हणून तुमचा सगळाच मुद्दा बाजूला सारतील, आणि तसे झालेलेही दिसते.

आता ज्या कार्यक्रमपत्रिकेला तुम्ही ‘आपली परंपरा’ म्हणता, तिच्याकडे जरा पाहू. पैठणीचा खेळ आज महाराष्ट्रात गल्लोगल्ली होतो, नगरसेवकांपासून महिला मंडळांपर्यंत सगळे तो भरवतात. पण त्याला हे रूप आणि ही लोकप्रियता दिली ती २००४ साली दूरचित्रवाणीवर सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाने. सूत्रसंचालकाने वहिनींशी गप्पा मारायच्या, दोघींमध्ये गमतीचे खेळ लावायचे आणि जिंकणारीला पैठणी द्यायची, हा सगळा साचा पडद्यावरून मंडपात उतरला आहे. अंताक्षरी घरोघरी आणि सहलीच्या बसमध्ये पूर्वीपासून होतीच, पण तिच्यात गट, फेऱ्या आणि गुण आले ते नव्वदच्या दशकात ती एका हिंदी वाहिनीवर गाजल्यानंतर. तुमच्याकडच्या गटांची नावे ‘दिवाने’ आणि ‘परवाने’ अशी असतील, तर ती कुठून आली हे वेगळे सांगायला नको. वेशभूषा स्पर्धेत दरवर्षी किती मुले त्या वर्षी गाजत असलेल्या मालिकेतल्या पोशाखात येतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिले असेल. २०१४ साली ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली आणि पाठोपाठ त्याच रूपातल्या गणेशमूर्तींना मागणी आली; पेणच्या कारखान्यांपासून ठाण्यातल्या मूर्तींच्या दुकानांपर्यंत त्या सर्वत्र दिसत होत्या. म्हणजे टीव्हीने परंपरा गिळली असे तुम्ही म्हणता, तेव्हा तुमच्या पाच दिवसांच्या उत्सवातला निदान अर्धा भाग टीव्हीनेच आणून दिलेला आहे.

यात खजील होण्यासारखे काही नाही, कारण हे फार जुने आहे. खुद्द सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात फोफावला, त्यामागे टिळकांच्या संघटनकौशल्याइतकाच १८८१ पासून निघणाऱ्या ‘केसरी’चा वाटा होता, पुण्यात छापलेला मजकूर आगगाडीने आणि टपालाने गावोगाव पोहोचत होता, म्हणूनच एका शहरातली कल्पना थोड्याच वर्षांत दुसऱ्या शहरांनी उचलली. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली उभे राहिले, तेही त्याच छापील जगाचे अपत्य होते. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. त्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी इतक्या घरांत लागल्या, की देवीचा चेहरा कसा असतो याची आपली कल्पनाच त्यांनी ठरवून टाकली. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गीत या क्रमाने वर्षभर प्रसारित झाले. त्याची छप्पन्न गीते आज रामनवमीच्या उत्सवात देवळात गायली जातात आणि ती रेडिओच्या कार्यक्रमासाठी लिहिली गेली होती, हे ऐकणाऱ्या तरुणांना ठाऊकही नसते. तुमच्या चिरंजीवांनी ज्या कॅसेटच्या जमान्याचा टोमणा मारला, तोही तंत्रज्ञानाचाच जमाना होता. आरत्यांच्या कॅसेट मंडपात आल्या, तेव्हा कोणा ना कोणा आजोबांनी ‘आता माणसांनी गायचे नाही का?’ असे विचारलेच असेल, आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. रेडिओवरचे गीतरामायण लोकांनी ऐकले, लिहून घेतले, पाठ केले आणि स्वतः गायले. पैठणीचा खेळ टीव्हीवरून आला, पण तुमच्या मंडपात संकोची स्वभावाच्या दोघीजणी पहिल्यांदा माईकसमोर उभ्या राहिल्या, त्यात त्यांचा स्वतःचा सहभाग होता. माध्यमातून आलेली गोष्ट अशी माणसांच्या तोंडी आणि हाती उतरली, की ती कुठून आली याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते उलट्या दिशेने, म्हणजे जी गोष्ट माणसे एकमेकांसाठी करत होती, ती समोर नसलेल्या प्रेक्षकासाठी होऊ लागते आणि हजर असलेली माणसे त्या चित्रीकरणातली गर्दी बनतात. तुमच्या पत्रातली ती मुलगी पुन्हा श्लोक म्हणायला उभी राहिली, तेव्हा नेमके हेच घडले. पहिल्यांदा तिने श्लोक बाप्पासमोर आणि शेजाऱ्यांसमोर म्हटला होता, आणि तो चांगला झाला होता. दुसऱ्यांदा तिने तो मोबाईलसाठी म्हटला. समोर बसलेल्यांना तो पुन्हा ऐकायचा नव्हता, हे तिलाही कळत होते.

ही दिशा पुढे कुठे जाते, हे पाहायला आपल्याला ठाण्याबाहेर जावे लागत नाही. दहीहंडी हा मूळचा गल्लीतला खेळ. गल्लीतल्याच मुलांनी थर लावायचे, खिडक्यांतून बादल्यांनी पाणी पडायचे आणि हंडीतले पैसे मुलांनी वाटून घ्यायचे. ठाण्यात ती राजकीय व्यासपीठांवर गेली, बक्षिसे लाखांच्या घरात पोहोचली, सिनेतारे आले, वृत्तवाहिन्यांचे दिवसभराचे थेट प्रक्षेपण आले, आणि पथके ट्रकने एका शहरातून दुसऱ्या शहरात हंड्या गाठत फिरू लागली. २०१२ साली ठाण्यातच एका पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम नोंदवला. थर इतके का वाढले, याची कारणे अनेक आहेत, पण त्यातले एक मला ठळक दिसते. उंची कॅमेऱ्यात दिसते आणि मोजता येते. एका गल्लीतली मुले वर्षभर एकमेकांच्या ओळखीची आहेत, ही गोष्ट कॅमेऱ्यात दिसत नाही. जे मोजता येते त्यालाच बक्षीस लागले, म्हणून तेच वाढत गेले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली वीस फुटांची आणि अठरा वर्षे वयाची मर्यादा घातली. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली आणि चौदा वर्षांखालील मुलांवरची बंदी तेवढी राहिली. न्याय्यपणे हेही सांगायला हवे, की याच प्रसिद्धीमुळे महिला गोविंदा पथकांना व्यासपीठ मिळाले, जखमींच्या विम्याचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. फायदा-तोटा दोन्ही आहेत. पण गल्लीचा खेळ गल्लीकडे राहिला नाही, एवढे खरे.

म्हणून तुमच्या समितीच्या चार प्रस्तावांपैकी मला सर्वांत जास्त खटकतो तो लाईक मोजून बक्षीस देण्याचा, थेट प्रक्षेपणाचा नव्हे. लाईकची स्पर्धा म्हणजे ज्याचे नातेवाईक आणि ओळखीपाळखीचे लोक जास्त, त्याची जीत. त्यापलीकडे, अनोळखी लोकांपर्यंत कोणते रील पोहोचवायचे हे त्या मंचाची यंत्रणा ठरवते, आणि पाहणारा किती वेळ थांबला, त्याने ते पुढे पाठवले का, यांवर तिचा मोठा भर असतो. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांतच काहीतरी दणक्यात व्हावे लागते, त्या आठवड्यात चालणारा तयार आवाज वापरावा लागतो, आणि मग ठाण्यातली मुले व लुधियान्यातली मुले एकाच तुकड्यावर त्याच चार हालचाली करताना दिसतात. तुमच्या संकुलाचे असे त्यात काही उरत नाही. तरीही रील स्पर्धाच नको, असे मी म्हणणार नाही. विषय संकुलातला द्या: आपल्या इमारतीतल्या आजीकडून उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडायला शिकणे, सुरक्षारक्षकांच्या गावाकडचा गणपती, किंवा तुमच्या कानडी, तेलुगू शेजाऱ्यांच्या घरची चतुर्थी. आवाज मुलांनी स्वतः मुद्रित केलेला असावा, असा नियम ठेवा. परीक्षण मंडपात बसलेल्यांनी हात वर करून करावे. हे तीन बदल केलेत, तर मुलांना मोबाईल घेऊन शेजारच्या घराची बेल वाजवावी लागेल, आणि एवढ्या मोठ्या संकुलात तेवढे घडले तरी पुष्कळ झाले.

बंदीचा मार्ग मी सुचवत नाही, त्याला व्यावहारिक कारण आहे. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि काही दिवसांतच भारतात इन्स्टाग्रामवर रील सुरू झाले. मंच बदलला, सवय तशीच राहिली. आरतीच्या वेळी मोबाईल आणू नयेत असा फलक तुम्ही लावलात, तर पहिल्या दिवशी लोक तो पाळतील आणि दुसऱ्या दिवशी समितीचाच कोणी सदस्य फोटो काढताना सापडेल. त्याऐवजी आरती सुरू होण्याआधी दोन मिनिटे सर्वांना मनसोक्त फोटो काढू द्यावेत, संकुलातर्फे एकाच व्यक्तीने चित्रीकरण करावे आणि ते त्याच रात्री गटावर टाकावे, म्हणजे प्रत्येकाला आपापले चित्रीकरण करण्याची निकड उरत नाही. टाळ-झांजा चार जोड्या जास्त आणा आणि त्या मुलांच्या हातात द्या. हात मोकळे असले, की मोबाईल वर जातो. हे निरीक्षण माझे एकट्याचे नसावे. जाता जाता एक गोष्ट मोबाईलच्या बाजूने सांगतो. पडद्यावर आरती वाचणाऱ्याला निदान ‘संकटी पावावे’ दिसते. पाठ म्हणणारे आपण पिढ्यानपिढ्या ‘संकष्टी पावावे’ असे ठणकावून म्हणत आलो आहोत.

थेट प्रक्षेपणाविषयी दोन्ही बाजूंनी थोडे बोलायला हवे. २०२० साली सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा होती, मंडपात गर्दी करता येत नव्हती आणि घरात अडकलेल्या ज्येष्ठांनी आरती पाहिली ती मोबाईलवरच. आजही तुमच्या संकुलात अंथरुणाला खिळलेले कोणी असेल, तर खालच्या मंडपातली आरती वरच्या खोलीत पोहोचणे ही मोठी गोष्ट आहे. परदेशातल्या मुलांचे कारण मात्र जरा तपासून घ्या. मेलबर्नचे घड्याळ त्या दिवसांत आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असते. तुमची रात्री आठची आरती सुरू होईल, तेव्हा तुमच्या मुलीकडे साडेबारा वाजून गेलेले असतील, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असेल तर ती झोपलेली असेल. तिला खरोखर सामील करून घ्यायचे असेल, तर सकाळी आठच्या आरतीला व्हिडिओ कॉल लावा, म्हणजे तिकडे दुपार असेल, आणि ती तिकडून म्हणेलही. पाच दिवस चालणारे प्रक्षेपण कोणीच सलग पाहत नाही. आरती, नाटुकले आणि बक्षीस समारंभ एवढ्याचेच करावे.

ते करतानाही पथ्ये आहेत. यूट्यूबवर दुवा असलेल्यांनाच दिसेल अशी सोय असते, ती वापरावी, आणि दुवा संकुलाच्या गटातच द्यावा. मुलांचे चित्रीकरण दाखवायचे असेल, तर पालकांची लेखी संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. सोसायटीच्या उत्सवाला तो कायदा कितपत लागू होतो, याचा काथ्याकूट करत बसण्याची गरज नाही. अर्ध्या पानाचा संमतीचा कागद नावनोंदणीच्या वेळीच भरून घेतला की झाले. चित्रीकरणासाठी कोणत्याही मुलाला काहीही पुन्हा करायला लावायचे नाही, हा नियम त्या कागदावर पहिल्या ओळीत छापा. आणखी एक गंमत म्हणजे, मंडपात ध्वनिमुद्रित आरत्या किंवा चित्रपटगीते वाजवलीत, तर यूट्यूबची यंत्रणा त्यांचे स्वामित्व ओळखते आणि आवाज बंद होऊ शकतो किंवा प्रक्षेपणच थांबू शकते. समर्थ रामदासांची आरती आपल्याच गळ्याने, आपल्याच पेटी-तबल्यावर म्हटली, तर तिच्यावर सहसा कोणी हक्क सांगत नाही. थेट प्रक्षेपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ही अडचण सांगा. आरती माणसांनीच म्हणावी, हा तुमचा हट्ट त्यातून आपोआप पुरा होतो.

एलईडी पडद्यावर मी जास्त शब्द खर्च करत नाही. त्याचे भाडे वर्गणीतून जाणार असेल, तर तो खर्च आधी सर्वसाधारण सभेसमोर यावा. मंडप लहान असेल, तर वीस पावलांवर उभ्या असलेल्या मुलाला मोठे करून दाखवण्यात अर्थ नाही. पडद्याबरोबर मोठे ध्वनिक्षेपकही येतात, हे लक्षात ठेवा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. सरकारने ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशी तेवढी बारापर्यंत सवलत मिळते.

नाटुकल्याविषयी मात्र तुम्ही ठाम राहा. ‘कोणी बघत नाही’ हे कारण ऐकायला बिनतोड वाटते, पण ते उत्सवाला वाहिनीचे माप लावते. वीस मिनिटांचे नाटुकले बघायला तीस माणसे बसली असतील, हे खरे असेल. त्याआधीचे तीन आठवडे क्लबहाऊसमध्ये निरनिराळ्या इमारतींतली मुले रोज संध्याकाळी भेटत होती. कोणाचे वाक्य कोण विसरतो हे त्यांना पाठ झाले होते, एका मुलाच्या बाबांनी पुठ्ठ्याची तलवार करून दिली होती, आणि एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या दोन आया चहाच्या थर्मासपाशी बोलू लागल्या होत्या. यातले काहीही प्रक्षेपणात दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते नाहीच असे समितीतल्या तरुणांना वाटते आहे. गडकरी रंगायतन १९७८ पासून ज्या शहरात आहे, जिथे एकांकिकांच्या तालमी शाळा-महाविद्यालयांच्या वर्गखोल्यांत रात्री उशिरापर्यंत चालतात, त्या ठाण्यात मुलांचे नाटक प्रेक्षकसंख्येवर मोजून वगळावे, हे मला पटत नाही. हवे तर नाटुकले जेवणाच्या दिवशी, पंगतीच्या अर्धा तास आधी ठेवा. प्रेक्षकांचा प्रश्न सुटेल.

आता व्हॉट्सअ‍ॅप गटाकडे येतो. शेकडो घरांच्या गटात जो जास्त लिहितो त्याचे मत मोठे दिसते, न लिहिणारे बहुसंख्य लोक कोणत्या बाजूला आहेत हे कळत नाही, आणि एकदा लिहिलेला टोमणा दिवसभर सर्वांच्या खिशात राहतो. मुलगा हे वाक्य तुम्हाला स्वयंपाकघरात बोलला असता, तर तुम्ही कदाचित हसून सोडून दिले असते. कार्यक्रमांची माहिती देण्यासाठी, फक्त समितीलाच लिहिता येईल असा वेगळा गट करा आणि निर्णयाची चर्चा समोरासमोर बसूनच करा. हा सल्ला मी गृहसंकुलांच्या बहुतेक वादांत देईन. वाशीला असो वा कासारवडवलीला, गटावर पेटलेली भांडणे गटावर मिटलेली माझ्या पाहण्यात नाहीत.

मुलाशी बोलण्याची सुरुवात त्या टोमण्यापासून करू नका. त्याला हे सगळे करून दाखवायचे आहे ते कोणासाठी, हे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. तिशीतला माणूस दिवसाचे दोन-तीन तास घोडबंदरच्या कोंडीत घालवून घरी येतो आणि तरी सोसायटीच्या गणपतीसाठी वेळ काढतो, हे लहान नाही. तुम्ही पैठणीचा खेळ पहिल्यांदा आणला, तेव्हा तुमच्या आधीच्या समितीतल्या कोणाला तो उथळ वाटला होता का, हेही आठवून पाहा. वाटले असेल, तर त्यांनी तुम्हाला अडवले होते की करू दिले होते, ही हकीकत मुलाला सांगण्यासारखी आहे. त्याने सर्वांसमोर लिहिलेल्या वाक्याबद्दल तुम्हाला वाईट वाटले, हे त्याला सांगा, पण एकदाच आणि घरातच.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. रागाने राजीनामा देऊ नका. कारण तसे केलेत, तर नाटुकल्याच्या बाजूने बोलणारे कोणी उरणार नाही. सगळे थांबवण्याच्या हट्टालाही पेटू नका, कारण त्यातले निम्मे थांबवण्यासारखे नाही. इतकी वर्षे एकाच व्यक्तीने समिती चालवावी, हेही काही फार निरोगी नाही, असे मी स्पष्टच सांगतो. नाटुकले आणि आरती तुमच्याकडे ठेवा, प्रक्षेपण आणि रील स्पर्धा मुलाच्या गटाकडे द्या, आणि हिशेब दोघांहून वेगळ्या तिसऱ्या व्यक्तीकडे असू द्या. पुढच्या वर्षी नाटुकल्याचे काम शिकायला एखाद्या तरुण आईला सोबत घ्या. या वाटणीवर आणि वर सांगितलेल्या नियमांवर सर्वसाधारण सभेत मतदान घ्या आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या. ही सभा गणेश चतुर्थीच्या किमान दोन महिने आधी बोलवा, कारण त्यानंतर ठाण्यात मंडपवाला आणि ध्वनीवाला दोघेही हाती लागत नाहीत, आणि मग जे मिळेल त्यावरच उत्सव ठरतो.